प्रेमत्रिकोणाच्या पलीकडे

किशोरवयीन वाचकांसाठीच्या इंग्रजी कादंबऱ्यांत प्रेमत्रिकोणाखेरीज काही नसते, असे मत अनेकदा मांडले जाते; ते मला पटत नाही. सुझन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ (२००८) मी अकरावीत असताना, नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाहून कॉलेज रोडवरच्या क्लासला जाता-येता, बहुतेक वेळा बसमध्ये उभ्यानेच वाचली. तिच्यातला त्रिकोण मला आज नीटसा आठवतही नाही. आठवते ती धान्याची चिठ्ठी. वर्षभराच्या तुटपुंज्या धान्य-तेलाच्या बदल्यात गरीब घरातल्या मुलांनी, जीवघेण्या खेळासाठी मुले निवडणाऱ्या सोडतीत आपले नाव जास्तीच्या वेळा घालायचे, आणि म्हणून सोळा वर्षांच्या नायिकेचे, कॅटनिसचे, नाव २० वेळा, तर तिचा मित्र गेल याचे ४२ वेळा पडलेले असते, हा हिशेब वाचताना मला आमच्या गल्लीतली रेशनची रांग डोळ्यांसमोर दिसली. या मालिकेतले तिसरे पुस्तक मात्र घाईत उरकल्यासारखे वाटते, हे मान्य करायला हवे.

शिवाय प्रेम आले की कादंबरी उथळ, असे मानायचे तर मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’चे काय करायचे? तिथेही नववीतला मुकुंद जोशी शिरोडकर नावाच्या मुलीच्या मागे असतो, आणि आणीबाणी त्याच्या भोवतालीच चाललेली असते.