व्हिडिओत गोष्ट एकीकडे, गायक दुसरीकडे: कसं जुळवायचं?

चपलेचा_ठोका
मराठी पॉप गाणं आहे, ३ मिनिटं २० सेकंद, ९६ बीपीएम (मिनिटाला ९६ ठोके). कापशी (कोल्हापुरीचा एक प्रकार) चपला करणारा पोरगा आणि पुण्याला निघालेली पोरगी, एवढीच गोष्ट. कारखान्यातलं शूट झालंय, कोल्हापुरात रंकाळा तलावावर गायकाचं निम्मं झालंय, अजून एक दिवस हातात आहे. मिररलेस कॅमेरा एकच, संकलनाची टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची.
अडचणी अशा: कच्चा कट बघताना शॉर्ट फिल्मला गायक चिकटवल्यासारखा वाटतो. ५० फ्रेमवर घेतलेल्या स्लो मोशनमध्ये ओठ जुळत नाहीत. आणि शेवटच्या मुखड्याला गुलाल उधळायचाय, त्यात काय सांभाळायचं?

संकलन_कट्टा
गोष्ट जास्त झालीय, दुसरं काही नाही. मुखडा चार वेळा, २० सेकंदांचा धरला तर ८० सेकंद गायकाचे गेले. उरले १२०. अडीच सेकंदांचा शॉट धरा, ४८ शॉट होतात. भेटले, बोलले, भांडले, निघाली असं ओळीनं सांगायला ते पुरत नाहीत, आणि सांगायची गरजही नाही. मधला काळ गायक खातो. कट गायकावर गेला आणि परत गोष्टीवर आला की सहा महिने उलटले तरी कुणी विचारत नाही. ही सवलत शॉर्ट फिल्मला नसते, ती वापरा.

मुखडा परत येणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून दर मुखड्याला एक फ्रेम तीच ठेवा: तीच लेन्स, तीच उंची, कारखान्याचा उंबरा. पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर चपलांचे दोन जोड. दुसऱ्यांदा एकच. तिसऱ्यांदा पोरगा आत बसून तिच्या मापाच्या जोडाची वेणी घालतोय. चौथ्यांदा तो नवा जोड बाहेर, कोरा. शब्द तेच, अर्थ दरवेळी बदलतो. संवादाला ओठ हलतात ते सगळे शॉट काढून टाका. गाण्याचे शब्द आणि पात्रांचे ओठ यांत बघणाऱ्याचा गोंधळ होतो.

गायक चिकटवलेला वाटतो कारण तो गोष्टीच्या जागेत कधी शिरतच नाही. उरलेल्या दिवसात एक शॉट घ्या: गायक महाद्वार रोडवरून गात पुढे येतोय आणि मागून पोरगी बॅग घेऊन फ्रेम ओलांडून जाते. दोघांची नजरानजर नको. या एका शॉटनं दहा कटांचं काम होतं.

आता ठोक्याचं. ९६ बीपीएमला एक ठोका ०.६२५ सेकंद, म्हणजे १५.६ फ्रेम. पूर्ण आकडा येत नाही, त्यामुळे दर ठोक्याला टाइमलाइनवर मार्कर (खुणा) टाकलेत तर फ्रेम इकडेतिकडे होणारच. आठ ठोके मात्र बरोबर ५ सेकंद, १२५ फ्रेम. मार्कर तिथे टाका. कातडं ठोकतानाची हातोडी पहिल्या अंतऱ्यात ठोक्यावर बसवा, पण कट तिथे नको. हातोडी आपटते त्याच फ्रेमला कट मारला तर आपटणं दिसतच नाही. ती वर जाताना कापा. आणि हे एकाच अंतऱ्यात. सगळंच तालावर कापलं की चप्पलच्या दुकानाची जाहिरात होते.

पन्नास_फ्रेम
ओठांचं सोपं आहे. ५० फ्रेमवर घ्यायचं तर सेटवर गाणं २०० टक्के वेगानं वाजवावं लागतं. मग क्लिप २५ ची म्हणून वाचली की ओठ मूळ वेगाला येतात. मूळ वेगावर गाऊन घेतलेले शॉट आता ओठांसाठी वाचवता येत नाहीत; ते पाठमोरे, सावलीतले किंवा म्युझिक पीसमध्ये (नुसत्या वाद्यांच्या भागात) वापरा.

पण ९६ चे १९२ झाले की शब्द तोंडात मावत नाहीत. लांब सुराच्या एकदोन ओळींपुरतंच ते ठेवा. बाकीसाठी ३० फ्रेमवर घ्या, गाणं १२० टक्क्यांनी. केसांना, चालीला थोडं वजन येतं आणि गायकाची दमछाक होत नाही. यात एक खोच आहे: कॅमेऱ्याचं ३० बहुतेक वेळा २९.९७ असतं. पूर्ण गाण्याचा टेक घेतला तर शेवटी ५ फ्रेमचा फरक पडतो. सेटवर वाजवायचं गाणं ११९.८८ टक्के वेगानं एक्स्पोर्ट करा, सुराची उंची तीच ठेवून, आणि सुरुवातीला चार टिकटिक घाला, नाहीतर गायक पहिला शब्द हमखास चुकवतो.

शटर ५० फ्रेमला १/१००. कारखान्यात ट्यूबलाइट असेल तर ३० फ्रेमलाही १/५० किंवा १/१०० च. आपली वीज ५० हर्ट्‌झची, १/६० ला पट्टे येतात.

चपलेचा_ठोका
चार फ्रेमा आणि उंबरा, हे पटलं. प्लेबॅकला (सेटवर गाणं वाजवायला) ब्ल्यूटूथ स्पीकर चालेल का? त्याचा आवाज उशिरा येतो म्हणतात.

घाटावरचा_माइक
उशीर होऊ दे. गायक ऐकू येतं त्यावर गातो आणि कॅमेऱ्याचा माइकही तेच ऐकतो, त्यामुळे दोघांना उशीर सारखाच. खरी भानगड अंतराची. आवाज एका फ्रेमच्या वेळात सुमारे १४ मीटर जातो. रंकाळ्यावर लाँग शॉटला स्पीकर कॅमेऱ्याजवळ ठेवला आणि गायक ४० मीटरवर असला, तर तो ३ फ्रेम मागे गातो आणि कॅमेऱ्याच्या माइकला ते कळतही नाही. स्पीकर गायकाच्या पायाशी, फ्रेमबाहेर ठेवा. मग माइकवर आवाज ३ फ्रेम उशिरा येतो, तेवढं संकलनात सरकवायचं. वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) जुळवून देणाऱ्या बटणावर लांबच्या शॉटला विसंबू नका, ‘प’, ‘ब’, ‘म’ ला ओठ मिटतात ते बघून बसवा. फोन विमान मोडवर टाका. मध्येच कॉल आला की टेक गेला.

चौपाटीवरून सूर्य पाण्यावर मावळतो, म्हणजे गायक पाठीमागून उजळणार. चेहऱ्याला पांढऱ्या थर्माकोलचा शीट पुरतो.

तांबडापांढरा
भावा, गुलाल एकदम शेवटी. दिवसातला शेवटचा शॉट. एकदा केसात, कॉलरला बसला की धुऊन पुन्हा आधीचा शॉट घेता येत नाही.
लेन्स गाडीतच लाव, तिथं बदलायची न्हाई. बारीक पूड सेन्सरवर बसली की फुंकून जात न्हाई. पुढं साधा काचेचा फिल्टर लाव आणि दर टेकनंतर ब्लोअर मार. कापडानं पुसू नको, घासून चरे पडतात. उधळणारा वाऱ्याच्या बाजूला उभा कर, कॅमेरा वाऱ्याला आडवा, वाऱ्याच्या तोंडाला न्हाई.
एक्स्पोजर (चित्राचा उजेड) पाऊण ते एक स्टॉप खाली; एक स्टॉप म्हंजे उजेड निम्मा. लाल चॅनल आधी फुटतो, मग गुलालाचा नुसता सपाट गुलाबी डाग दिसतो. कॅमेऱ्यात लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) असला तर त्यातला लालच बघ. ढग उठून दिसायला मागून उन्हं आणि मागं गडद भिंत पायजे.
आणि पहिल्या मुठीआधी गायकाचा स्वच्छ क्लोजअप घेऊन ठेव. गुलालात तोंड उघडं ठेवून कुणी दोन ओळींच्या वर गात न्हाई.