मदत हवी आहे: केमिस्ट्रीत तीन गुणांनी ए ग्रेड हुकला, पहिल्या पसंतीचं (फर्म) विद्यापीठ गप्प आहे. फोन करावा का?

नमस्कार मंडळी,

आज १४ ऑगस्ट. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलचा, म्हणजे इथल्या बारावीचा, निकाल लागला. आम्ही रेडिंगला असतो. धाकट्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचंय. त्याच्या फर्म चॉईसची अट तीन ए ची होती, त्याला मिळाले मॅथ्स ए, फिजिक्स ए आणि केमिस्ट्री बी. इन्शुरन्स, म्हणजे दुसरी राखीव पसंती, म्हणून लेस्टर ठेवलं होतं, तिथली अट एक ए आणि दोन बी, ती पूर्ण झाली आहे.

सकाळी आठ वाजता यूकासचं (विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज जिथून होतात ती संस्था) पान उघडलं. आता संध्याकाळचे सात वाजलेत आणि तिथे काहीही हललेलं नाही. होकार नाही, नकारही नाही. ऑफर कंडिशनल, म्हणजे अटीवरची, दिसतेय ती दिसतेच आहे. फर्मचं ठरत नाही तोवर लेस्टरचंही ठरणार नाही, त्यामुळे दिवसभर घरात कोणी धड जेवलेलं नाही.

दुपारी शाळेत जाऊन गुण बघितले. केमिस्ट्रीचे दोन-दोन तासांचे तीन पेपर, एकूण ३०० गुण, आणि ए च्या सीमेला तीन गुण कमी. शिक्षिका म्हणाल्या, "फोन करा, थोडक्यात हुकलेल्या मुलांना पुष्कळदा घेतात." मला हे कानांनी ऐकूनही पटेना. मी सांगलीत शिकले. आमच्या वेळी इंजिनिअरिंगची यादी भिंतीवर लागायची, शेवटच्या मुलाचे गुण त्यात असायचे, आणि त्याच्याखाली एक गुण जरी असला तरी विषय संपला. त्यानंतर कोणी ऑफिसात जाऊन बोलायचं म्हणजे त्याला वशिला म्हणायचे आणि आमच्या वडिलांना तो शब्द घरात चालत नसे.

मुलगा नेमकं हेच म्हणतोय. "आई, अट तीन ए ची होती. मी पूर्ण केली नाही. आता गयावया कशाला करू?" मी काय उत्तर देणार, हे सगळं त्याने माझ्याकडूनच ऐकलेलं आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहिताना हात थांबतोय. मेच्या अखेरीस माझे सासरे मिरजेला वारले. तिकिटं एवढ्या घाईत मिळेनात, हे एकटेच गेले. मुलाने आजोबांचे अंत्यसंस्कार फोनवर पाहिले आणि पंधरवड्याच्या आत केमिस्ट्रीचा पहिला पेपर दिला. आम्ही शाळेला काहीच कळवलं नाही. घरातलं दुःख बाहेर सांगून सवलत मागायची, हे मनातही आलं नाही. आता आलंय, तर उशीर झालाय का?

फोन केला तर खरंच काही होतं का? मी आई म्हणून बोलले तर चालेल का? पेपर पुन्हा तपासायला द्यावा का, की त्यात आहेत ते गुणही जातील? कोणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

– रेडिंगवाली

—

निळाई:

ताई, आधी एक घोट पाणी प्या आणि हे वाचा. पीएचडी करताना मी दोन वर्षं निकालाच्या आठवड्यात विद्यापीठाचे फोन घेतले आहेत, त्यामुळे आतून जेवढं दिसतं तेवढं सांगते.

भिंतीवरची ती यादी डोक्यातून काढून टाका. इथे तशी यादीच नसते. विद्यापीठ जागांपेक्षा बऱ्याच जास्त ऑफर देतं, कारण काही मुलं दुसरीकडे जाणार आणि काहींचे ग्रेड हुकणार हे त्यांनी धरलेलंच असतं. निकाल मुलांच्या हातात पडायच्या काही दिवस आधी गोपनीय म्हणून विद्यापीठांना मिळतो. मग बसून हिशोब होतो: अट पूर्ण केलेली मुलं किती, जागा किती, उरल्या किती. उरलेल्या जागांवर आधी आपली ऑफर स्वीकारून थोडक्यात हुकलेली मुलं बघतात, कारण त्या मुलांनी तुम्हाला पहिलं स्थान दिलेलं असतं. क्लिअरिंगमधून, म्हणजे उरलेल्या जागांच्या फेरीतून, अनोळखी मुलगा घेण्यापेक्षा हा बरा. यात दयेचा भाग फार थोडा असतो. त्यांनाही वर्ग भरायचा असतो.

म्हणून विचारण्यात कमीपणा काही नाही. तुमच्या मुलाला हे याच शब्दांत सांगा.

त्याच्या बाजूची मोठी गोष्ट म्हणजे बी कुठे आला. मेकॅनिकलला मॅथ्स आणि फिजिक्स बघतात, आणि तिथे दोन्ही ए आहेत. हाच बी मॅथ्समध्ये असता तर मी एवढ्या आशेने लिहिलं नसतं. आणि नकार द्यायचा असता तर बहुतेक सकाळीच दिसला असता. संध्याकाळपर्यंत गप्प आहेत म्हणजे तो अजून विचाराधीन आहे, असं मी तरी समजेन. पण खात्री नव्हे.

फोन त्यानेच करायचा. अर्ज भरताना त्याने तुमचं नाव 'नॉमिनेटेड अ‍ॅक्सेस'मध्ये दिलं नसेल तर ते तुमच्याशी त्याच्या अर्जाबद्दल बोलणारच नाहीत. आणि दिलं असलं तरी त्याने स्वतः बोललेलं वेगळं पडतं. आई शेजारी बसून मुलाला उत्तरं पुरवते आहे हे फोनवर लगेच कळतं हो. तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा.

यूकासचा पर्सनल आयडी, तिन्ही विषयांचे ग्रेड, केमिस्ट्रीचे नेमके गुण, जीसीएसईचे (इथल्या दहावीसारख्या परीक्षेचे) ग्रेड, सगळं एका कागदावर समोर हवं. काय म्हणायचं? "माझा केमिस्ट्रीत एक ग्रेड तीन गुणांनी हुकला, मॅथ्स-फिजिक्स ए आहेत, मला अजूनही तुमच्याकडेच यायचंय, माझा निर्णय कुठवर आलाय?" एवढंच. मग ते काय विचारतात ते ऐकायचं.

—

पाटी_पेन्सिल:

मी बर्मिंगहॅमजवळच्या एका शाळेच्या परीक्षा विभागात काम करते. तपासणीचं मी सांगते.

आपल्याकडे बोर्डात गुणपडताळणी, छायाप्रत, पुनर्मूल्यांकन अशा पायऱ्या असतात, तसंच इथेही आहे. विद्यापीठाची जागा अडकलेल्या मुलांसाठी 'प्रायॉरिटी रिव्ह्यू ऑफ मार्किंग', म्हणजे प्राधान्याने फेरतपासणी, असतो. अर्ज शाळेमार्फत करायचा, मुदत निकालापासून साधारण एक आठवडा, उत्तर १५ दिवसांत. मुलाची लेखी संमती लागते, कारण गुण वाढतील तसे कमीही होऊ शकतात. पण तुमच्या बाबतीत ती भीती मला फारशी वाटत नाही. ए ला तीन गुण कमी म्हणजे तो बी च्या अगदी वरच्या टोकाला आहे. बी जाऊन सी यायला खूप गुण घसरावे लागतील.

एक मात्र नीट समजून घ्या. तपासणारा उदार होऊन तीन गुण देईल असं होत नाही. २०१६ पासून ऑफक्वालचा (परीक्षांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नियम असा आहे की मूळ तपासणीत चूक असेल तरच गुण बदलायचे, दुसऱ्या परीक्षकाला वेगळं वाटलं म्हणून नाही. म्हणून आंधळेपणाने अर्ज करू नका. उद्या सकाळीच शाळेला तिन्ही उत्तरपत्रिका मागवायला सांगा आणि केमिस्ट्रीच्या शिक्षिकेला त्या मार्कस्कीमशेजारी ठेवून वाचायला सांगा. त्यांना खरोखर दोन-तीन जागा सापडल्या तर अर्ज करा.

आजोबांबद्दल वाचून वाईट वाटलं. घरात मृत्यू झाला असेल तर शाळा बोर्डाकडे 'स्पेशल कन्सिडरेशन' मागू शकते. परिस्थिती पाहून त्या पेपरच्या एकूण गुणांच्या जास्तीत जास्त ५ टक्के वाढ मिळते. पण तो अर्ज परीक्षा संपल्यावर आठवड्याभरात जायला हवा असतो. निकालानंतर बोर्ड तो सहसा घेत नाही, हे स्पष्टच लिहिते, तुम्हाला खोटी आशा नको. विद्यापीठाला मात्र फोनवर सांगता येतं. ऐकतील, नोंद करतील, पण त्यांना आधी कळलं असतं तर जास्त वजन पडलं असतं.

दरवर्षी आपल्या घरांतली एक-दोन मुलं अशी असतात. आई-वडील आजारी, आजी गेली, आणि शाळेत कोणाला पत्ता नाही. पुढच्या वर्षी ज्यांची मुलं परीक्षेला बसणार आहेत त्यांनी कृपा करून हे लक्षात ठेवा. परीक्षा विभागाला एक ईमेल टाका. ती सवलत मागणं नव्हे. नियमातच ती सोय आहे.

—

कोकणकडा:

दोघींनी छान सांगितलंय, पण मी दुसरी बाजू मांडतो. माझ्या भाचीला मेडिसिनची ऑफर होती, एक ग्रेड हुकला आणि सकाळी आठलाच नकार. तिच्या शाळेनेही "फोन करा" म्हटलं होतं. केला. काही उपयोग झाला नाही, कारण इंग्लंडमध्ये मेडिसिनच्या जागांची संख्या सरकार ठरवतं, विद्यापीठाला वाटलं म्हणून वर्गात दोन मुलं वाढवता येत नाहीत. तिने एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज केला. ऑक्सफर्ड-केंब्रिज तर क्लिअरिंगमध्येही नसतात. तेव्हा 'इथे ढील देतात' हे विषयावर आणि विद्यापीठावर अवलंबून आहे, आणि वर्षावरही.

२०२० साल आठवा. कोविडमुळे परीक्षाच झाल्या नाहीत, १३ ऑगस्टला गणिती सूत्राने ग्रेड लावले आणि इंग्लंडमधले जवळपास ४० टक्के ग्रेड शिक्षकांनी दिलेल्यापेक्षा खाली आले. माझा पुतण्या त्यात होता. विद्यापीठाने गुरुवारी नाही म्हटलं, सोमवारी १७ तारखेला सरकारने शिक्षकांचे ग्रेड ग्राह्य धरले आणि मग तेच विद्यापीठ हो म्हणालं. मुलगा तोच, ग्रेड बदलला. म्हणून तुमच्या मुलाला एक सांगा: हा बी म्हणजे त्याची किंमत नव्हे.

आणि लेस्टरचं पान आज रात्री नीट वाचून काढा. आपण इन्शुरन्स नाइलाजाने भरतो आणि मग तिकडे ढुंकून बघत नाही. उद्या तिकडे जायची वेळ आली तर मुलगा हरलेल्या मनाने जायला नको.

—

रेडिंगवाली:

खूप आभार. निळाई, तुमचा प्रतिसाद त्याला जसाच्या तसा वाचायला दिला. "विद्यापीठाने जास्त ऑफर दिलेल्या असतात" या ओळीवर तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, उद्या करतो. कागद तयार करून ठेवलाय. पाटी_पेन्सिल, शाळेला ईमेल पाठवला.

—

रेडिंगवाली (शुक्रवार, १५ ऑगस्ट):

त्याने फोन केला. चाळीस मिनिटं लाईनवर थांबला. मी स्वयंपाकघरात होते, दार लोटलेलं होतं, तरी ऐकू येत होतं. पलीकडच्या बाईंनी ग्रेड विचारले, केमिस्ट्रीचे गुण लिहून घेतले, इंजिनिअरिंगच का असं विचारलं. तो नीट बोलला. शेवटी त्यांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय का? मला वाटलं तो नाही म्हणेल. तो थोडं थांबला आणि म्हणाला, परीक्षेच्या आधी माझे आजोबा गेले, मी कोणाला सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांत त्याने हे वाक्य कुणासमोर उच्चारल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी सांगितलंय की नाव विचाराधीन मुलांमध्ये आहे, सोमवारपर्यंत कळवू.

दुपारी शाळेतून निरोप आला. शिक्षिकेने उत्तरपत्रिका वाचल्या. दुसऱ्या पेपरात दोन ठिकाणी मिळून तीन गुण द्यायला हवे होते असं त्यांचं मत आहे. संमतीपत्रावर त्याने सही केली.

—

रेडिंगवाली (सोमवार, १८ ऑगस्ट):

सकाळी साडेदहाला यूकासवर नकार आला. त्या अभ्यासक्रमाच्या जागा अट पूर्ण केलेल्या मुलांनीच भरल्या असं ईमेलमध्ये लिहिलंय. लगेच खाली लेस्टरचं अभिनंदन दिसलं. दोन्ही एकाच पानावर.

त्याने लगेच फर्म विद्यापीठाला स्वतःहून दुसरा फोन केला. मी काही सांगितलं नव्हतं. रिव्ह्यू पाठवलाय हे त्यांना कळवलं. केमिस्ट्रीचा ए झाला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या हातात पडला, तर यंदा जागा असल्यास यंदा, नाहीतर पुढच्या वर्षीसाठी प्रवेश देऊ, असं ते म्हणाले. ते ईमेलवर लिहून द्या, असं तो म्हणाला आणि ईमेल आलाही.

मिरजेहून सासूबाईंचा फोन होता. त्याने त्यांना सगळं सांगितलं, लेस्टरचंही. त्या म्हणाल्या, तिथे आपली माणसं आहेत का ते बघ.

म्हणून आता नवीन मदत हवी आहे. रिव्ह्यूचं उत्तर गणपतीनंतर येईल, २७ ला चतुर्थी आहे. तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही असं त्याने ठरवलंय, आणि कोकणकडा, लेस्टरच्या मेकॅनिकलचे तिन्ही वर्षांचे विषय त्याने काल रात्री वाचून काढले. लेस्टरला कोणी आहे का? हॉस्टेल कोणत्या भागात घ्यावं, पहिल्या वर्षी मुलांना स्वयंपाकाची सोय कशी असते, आणि कोणाच्या घरी गणपती असतो का? या शनिवारी आम्ही तिघं शहर बघायला जातोय. तासभर कोणी भेटू शकलं तर फार बरं होईल.