सेमूर नॅरोजमधून दोनदा परत फिरलो, टेबल चुकीचं आहे का? (मदत हवी आहे)

नवा_नाखवा
जाणकारांनी प्लीज लवकर सांगा, उद्या परत ट्राय करायचंय. सेमूर नॅरोज म्हणजे कॅनडात व्हँकुव्हर बेटाजवळची अरुंद, जोरदार प्रवाहाची सामुद्रधुनी. काल आणि आज दोन्ही दिवस तिच्या दक्षिणेच्या कॅम्पबेल रिव्हरहून निघालो, टेबलात स्लॅकची (प्रवाह थांबून उलटतो त्या क्षणाची) जी वेळ दिलीय बरोब्बर त्या वेळेला नॅरोजच्या तोंडाशी हजर, आणि दोन्ही वेळा समोरून पाणी असं काही येत होतं की इंजिन पूर्ण दाबूनही किनाऱ्यावरचं झाड जिथल्या तिथे. आज तर जीपीएसवर वेग 0.4 नॉट (तासाला सागरी मैल) दिसत होता, मग चक्क मागे सरकायला लागलो तेव्हा बायको म्हणाली आता बास. सरकारी टेबल असं चुकतं का? पुढे पोर्ट हार्डी, केप कॉशन, प्रिन्स रुपर्ट करत अलास्कातल्या केचिकनला जायचंय आणि सगळी सुट्टी इथेच धक्क्यावर संपतेय. आगाऊ धन्यवाद.

डिझेलबाबा
बोट किती फुटी, इंजिन एक की दोन, किती नॉट पळते, यातलं काहीच लिहिलं नाहीये. आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं? माझा अंदाज, बॉटमला शिंपले बसलेत. आमच्या बोटीचा असाच दीड नॉट गेला होता, वर काढून घासली तर पहिल्यासारखी पळायला लागली. प्रॉपेलर पण बघा.

उनाड_वारा
वेळ टेबलातली म्हणजे कुठल्या टेबलातली? भरती-ओहोटीचं वेगळं आणि करंटचं (प्रवाहाचं) वेगळं असतं. कॅम्पबेल रिव्हरची पूर्ण भरती म्हणजे नॅरोजचं स्लॅक असं अजिबात नाही, पहिल्या वर्षी मी पण हाच घोळ घातला होता.

नवा_नाखवा
करंटचंच टेबल आहे हो, तेवढं कळतं. 34 फुटी ट्रॉलर, सिंगल डिझेल, आरामात साडेसहा नॉट, फार दाबलं तर सात. बॉटम मेमध्येच साफ केलाय.

डिझेलबाबा
कोणी केला साफ? स्वतः बघितलात का खाली जाऊन?

गलबत्या
मी तर म्हणतो सेमूर सोडाच, युकल्टाच्या दुसऱ्या वाटेने जा. देखावा मस्त, गर्दी कमी, आणि मोठी क्रूझ जहाजं पण नाहीत. अलास्काला जाणारी ती धुडं पण स्लॅकच गाठतात, अरुंद जागेत समोरून आलं की आपली पाचावर धारण.

उनाड_वारा
गलबत्या, ज्याला एक दार उघडत नाहीये त्याला तुम्ही तीन दारं दाखवताय. युकल्टा, गिलार्ड, डेंट ही जोरदार प्रवाहाची तिन्ही ठिकाणं एकापाठोपाठ आहेत, साडेसहा नॉटच्या बोटीने एकाच स्लॅकमध्ये तिन्ही बसवायची म्हणजे गणित आणखी घट्ट.

गलबत्या
मी चार वेळा गेलोय, तुम्ही किती वेळा?

उनाड_वारा
विषय तो नाहीये.

इतिहासवेडा
अवांतर: याच नॅरोजच्या मध्यात रिपल रॉक नावाचा पाण्याखालचा दोन टोकांचा खडक होता. 1875 मध्ये अमेरिकी नौदलाचं सारानॅक जहाज इथेच बुडालं, नंतर कित्येक बोटी आणि शंभरावर माणसं. शेवटी शेजारच्या मॉड बेटावरून समुद्राखालून बोगदा खणून आत स्फोटकं भरली आणि 5 एप्रिल 1958 ला दोन्ही टोकं उडवली, टीव्हीवर लाइव्ह दाखवलं होतं. म्हणजे तुम्ही ज्याला अवघड म्हणताय ती सोपी केलेली आवृत्ती आहे. हलकेच घ्या.

नवा_नाखवा
छान माहिती, पण मला उद्या जायचंय!!

सई_सागरी
दोन प्रश्न. टेबल ॲपवर बघताय की छापील पुस्तकात? आणि उद्याची वेळ काय दिलीय, त्याच्या आधी फ्लडचा (भरतीच्या प्रवाहाचा) कमाल वेग किती?

बोका
केचिकनला पोचल्यावर आधी अमेरिकन कस्टमला कळवायचं हं, त्याआधी कोणालाही धक्क्यावर उतरू देऊ नका. आणि अस्वलांसाठीचा स्प्रे ठेवा, पण केबिनमध्ये नको, फुटला तर वाट लागेल.

नवा_नाखवा
@सई, छापील सरकारी पुस्तक. ॲपवर माझा विश्वास नाही, इथे सिग्नल पण जातो येतो. उद्या 11:38 लिहिलंय, त्याआधी फ्लड 12 नॉट. आज 10:52 होतं आणि मी 10:50 ला तिथे होतो, घड्याळ लावून.

सई_सागरी
सापडलं. कॅनडाचं छापील पुस्तक स्टँडर्ड टाइममध्ये असतं, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा. तुमचं घड्याळ डेलाइट टाइमवर, म्हणजे एक तास पुढे, म्हणून तुम्ही दोन्ही दिवस एक तास आधी पोचलात. आणि तो एक तास साधा नाही. कमाल 12 नॉट असेल तर स्लॅकच्या तासभर आधी पाणी अजून साधारण निम्म्या वेगाने वाहत असतं, म्हणजे सहा नॉट. तुमची बोट साडेसहा. 0.4 कुठून आला बघा.

अजून एक, तिथे भरतीचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. व्हँकुव्हर बेटाला वरून वळसा घालून भरती आत येते म्हणून. उत्तरेला जाणाऱ्याने फ्लड संपता संपता जायचं, मग ओहोटी पाठीवर घेते. उद्या घड्याळात 12:38. कॅम्पबेल रिव्हरहून जाताना पण पाणी विरुद्धच असेल, सात मैलांना एक तास धरू नका, लवकर निघा आणि मेन्झीज बेमध्ये शिरून वाट बघा. नॅरोजच्या अलीकडेच आहे.

नवा_नाखवा
पहिल्या पानांवर लिहिलंय खरंच. बारीक अक्षरात. बायको वाचून दाखवतेय आणि हसतेय. कोणी हा धागा उडवता का?

उनाड_वारा
उडवू नका, वाचनखूण म्हणून साठवा. म्हणूनच मी म्हणतो ॲप वापरा, ते वेळ स्वतः बदलून देतं.

गलबत्या
ॲपचा फोन पाण्यात पडला की? कागदच बरा. आणि सई, स्लॅकलाच जायचं हे पण जरा पुस्तकी आहे. शेवटचा एक-दीड नॉट विरुद्ध असताना घुसलं तर बाहेर पडेपर्यंत ओहोटी सुरू होऊन फुकट ढकलते.

सई_सागरी
तुमच्या चार फेऱ्यांनंतर जा तसं. हे दोनदा परत आलेत, त्यांना पहिल्यांदा शांत पाण्यात जाऊ दे. स्लॅक काही मिनिटंच असतं पण तेवढी पुरतात. त्यानंतरचं मात्र लक्षात ठेवा: पुढच्या जॉन्स्टन स्ट्रेटमध्ये (सामुद्रधुनीत) दुपारचा वायव्येचा वारा आणि त्याच्यासमोर ओहोटी, म्हणजे आखूड उभ्या लाटा, भांडी कपाटातून बाहेर येतात. वारा असेल तर ओहोटीचा फायदा घेत पुढे पळू नका, कॅनिश बेमध्ये थांबा आणि पहाटे निघा. ओंडके पण बघत राहा, भोवऱ्यात उभे तरंगतात आणि टोक तेवढं दिसतं.

फेरीवाला_नव्हे
पोर्ट हार्डी ते प्रिन्स रुपर्ट फेरी जाते. गाडी टाका, चहा प्या. हे डोकं कशाला खपवायचं?

नवा_नाखवा
अपडेट: मेन्झीज बेमध्ये तासभर घोटाळलो, 12:35 ला शिरलो, पाणी तेलासारखं. मध्यावर बायकोने विचारलं हेच का ते? बाहेर आल्यावर साडेआठ नॉट दिसले, एवढे या बोटीने जन्मात बघितले नसतील. पुढे वारा शिट्या मारत होता म्हणून कॅनिशमध्ये नांगर टाकलाय. सई, तुमचे लई उपकार. केप कॉशनचं नंतर वेगळा धागा काढतो, यावेळी बोटीची माहिती आधी देईन.

डिझेलबाबा
साडेआठ ओहोटीमुळे. बॉटम तरी एकदा बघाच.