तिसरीच्या गृहपाठातल्या चुका घरी दुरुस्त कराव्यात का?

तिसरीची आई
मुलगी तिसरीत आहे. गृहपाठाला पाऊण तास तर रोजचाच, कधी कधी सव्वा तासही जातो. परवा हातच्याच्या वजाबाकीची दहा गणितं होती. तिने 52 - 38 चं उत्तर 26 लिहिलं, 71 - 46 चं 35 आणि 63 - 27 चं 44. दहाच्या दहा चूक. मी खोडरबर घेऊन सगळं पुसलं आणि "हातचा घे, अगं हातचा घे" म्हणत एकेक आकडा सांगत गेले. ती मुसमुसत लिहीत होती. काल वही परत आली, दहापैकी दहा आणि शेरा 'छान'. मी कौतुक करायला गेले तर म्हणाली, "ते तुझे मार्क आहेत."

तेव्हापासून चैन पडत नाहीये. चुका तशाच ठेवून वही पाठवायची का? आणि मग घरी मी नेमकं करायचं तरी काय?

फळा-खडू
ताई, मी 24 वर्षं पहिली ते चौथीला शिकवते. तुमच्या मुलीने दहा चुका केलेल्या नाहीत, एकच चूक दहा वेळा केली आहे. वर 2 आणि खाली 8 दिसले की ती 8 मधून 2 वजा करते. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचं, हा तिचा नियम. तुम्ही दिलेली तिन्ही उत्तरं याच नियमाने येतात, करून बघा. ती निष्काळजी अजिबात नाही, तिने डोकं लावलंय. फक्त दशक सुटा करणं तिला अजून उमगलेलं नाही.

तिच्या बाईंना हे कळायची एकच जागा होती, ती वही. तीच पुसली गेली. माझ्याकडे अशा पुसलेल्या वह्या रोज येतात आणि मी बिनधास्त पुढच्या धड्याकडे वळते. मूल अडकलंय हे चाचणीत कळतं, तोवर महिना गेलेला असतो.

घरी काड्या घ्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून बांधा, दोन सुट्या ठेवा. तिला 38 काड्या मागा आणि गप्प बसा. 'हातचा' हा शब्दही काढू नका.

वेळेचंही सांगते. सव्वा तास फार होतो. ड्यूक विद्यापीठातल्या हॅरिस कूपर यांनी 2006 मध्ये गृहपाठावरच्या अमेरिकेतल्या बऱ्याच वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला. गृहपाठ आणि गुण यांचा संबंध सातवीपासून पुढे बऱ्यापैकी दिसला, खालच्या वर्गांत मात्र अगदी क्षीण. इयत्तेगणिक दहा मिनिटं, असा एक अंदाज शिक्षक वापरतात. म्हणजे तिसरीला सगळे विषय धरून अर्धा तास, तोही जास्तीत जास्त. तेवढ्यात तीनच गणितं झाली तर तीनच पाठवा.

दोघांचा बाबा
पटलं, पण एक अडचण आहे. चाळीस वह्या तपासणाऱ्या बाई फुली मारतील आणि पुढे जातील. माझ्या मुलाचं तसंच झालं. चुका तशाच राहू दिल्या, तर त्याला वर्गात उभं केलं. आठवडाभर तो वही उघडायला तयार नव्हता.

फळा-खडू
असं होतं हे खरं, आणि त्यात चूक आमची आहे. म्हणून समासात पालकांनी एक ओळ लिहावी: "स्वतः केलं, अर्धा तास, हातच्यापाशी अडते." ती ओळ वाचल्यावर नुसती फुली मारून पुढे जाणं जड जातं. मला तरी जातं.

रात्रपाळी
मला घरी जेमतेम वीस मिनिटं मिळतात. लेक दुसरीत आहे. मी पुस्तक मिटायला लावतो आणि वाचलेलं आठवून सांगायला सांगतो. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवल्याने आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं, हे रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात दिसलं होतं. ते प्रयोग कॉलेजच्या मुलांवर झाले होते, पण आमच्याकडे उपयोग होतोय.

दुसरं म्हणजे अंक बोलून दाखवणं. त्रेपन्न म्हटलं की तो 35 लिहायचा, कारण तीन आधी ऐकू येतो. एकोणसाठचे तर हमखास 69. आता तो आधी 'साठाला एक कमी' असं स्वतःशी पुटपुटतो आणि मग लिहितो. एवढ्यासाठी वही लागत नाही.

तिसरीची आई
काल काड्या घेऊन बसलो. तीन गठ्ठे तिने लगेच बाजूला काढले, मग सुट्या दोन काड्यांकडे बघत राहिली. बराच वेळ. माझ्या तोंडाशी 'हातचा' आला होता, गिळला. तिने एका गठ्ठ्याचं रबर काढलं, बारा काड्या मोजल्या, आठ मला दिल्या. उरलेल्या मोजून म्हणाली, "चौदा! मग मी सव्वीस का लिहिलं होतं?"

नंतर वहीत अर्ध्या तासात चार गणितं झाली. तीन बरोबर. 80 - 35 चं तिने 55 लिहिलंय. शून्यातून पाच कसे काढायचे, तिथे पुन्हा जुनाच नियम आला असावा. खोडरबर कंपासपेटीतच ठेवला आणि समासात बाईंसाठी लिहिलं: "स्वतः केलं. शून्य आलं की अडते."