रानातले कवडसे छायाचित्रात पांढरेफटक होतात – मदत हवी आहे

सोनकी: भीमाशंकरच्या दाट झाडीत जमिनीवर पडणारे कवडसे टिपण्याचा प्रयत्न करीत आहे. प्रत्यक्षात रान काळोखे असते आणि पालापाचोळ्यावर सोनेरी ठिपके उजळलेले दिसतात. छायाचित्रात मात्र सारे रान करडे, निस्तेज होते आणि कवडशांच्या जागी नुसते पांढरे डाग उरतात. रविवारी पुन्हा जायचे आहे, तेव्हा कृपया नेमका उपाय सांगावा. ‘कॅमेरा बदला’ हे उत्तर नको.

घाटवाट: बदलू नका, पण तो कोणता आहे हे तरी सांगाल का? मोबाइल की डीएसएलआर, मीटरिंग (प्रकाश मोजण्याची पद्धत) कोणते, रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) की जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेले चित्र)?

सोनकी: साधा डीएसएलआर आहे, जेपेग, बाकी सगळे ऑटोवर. त्याने काय फरक पडतो?

घाटवाट: सगळा फरक त्यानेच पडतो. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे असावे, असे गृहीत धरून कॅमेरा एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर किती प्रकाश पडू द्यायचा ते, ठरवतो. तुमच्या चौकटीचा बहुतेक भाग काळोखा असल्यामुळे तो एक्स्पोजर वाढवतो. त्यात रान करडे होते आणि ऊन पडलेले पान सेन्सरच्या मर्यादेपलीकडे जाते. स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या छोट्याशा भागाचाच प्रकाश मोजणारे) लावून कवडशावरच मापन घ्यावे, त्यात साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, वाढवावा आणि मॅन्युअल मोडमध्ये तेच कायम ठेवावे. रान काळे पडेल, आणि तुम्हाला तेच हवे आहे.

जुनी रीळ: एवढा खटाटोप कशाला? कवडसा म्हणजे ऊनच. रिळांच्या काळापासूनचा ‘सनी सिक्स्टीन’चा नियम आहे: पूर्ण उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) १०० असेल तर एफ १६ ला (एफ म्हणजे भिंगाच्या छिद्राचे माप) १/१०० सेकंद, किंवा एफ ८ ला १/४००. मीटरकडे पाहूच नये.

खगोलवेडा: मोठ्या कवडशाला हा नियम लागू पडेल, लहान गोल ठिपक्यांना नाही. पानांमधली फट बारीक असली की त्या ठिपक्याच्या जागेवरून सूर्यबिंबाचा काही भागच दिसतो, त्यामुळे तिथला प्रकाश पूर्ण उन्हापेक्षा बराच कमी असतो. ते गोल ठिपके म्हणजे सूर्याच्या प्रतिमाच होत. फट १० मीटर अंतरावर असेल तर प्रतिमा सुमारे ९ सेंटिमीटर रुंद पडते. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात झाडाखालचे हे ठिपके कोरीसारखे झाले होते, ते अनेकांनी पाहिले असेल.

सोनकी: ग्रहणाचा माझ्या प्रश्नाशी काय संबंध?

खगोलवेडा: ग्रहणाचा नाही, पण सूर्याच्या गतीचा आहे. असा ठिपका साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. ट्रायपॉड लावून रचना करीत बसलात, तर कवडसा तुम्ही रोख धरलेल्या पानावरून निघून गेलेला असेल. तो जिथे पोहोचणार आहे तिथे आधीच रोख धरून थांबावे.

पानगळ: सर्वांत सोपा मार्ग कोणीच सांगितला नाही. वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या तीन चौकटी घ्याव्यात आणि संगणकावर एकत्र कराव्यात. उजेडातला आणि काळोखातला, दोन्हीकडचा तपशील मिळतो.

घाटवाट: काळोखातला तपशील मागितला आहे कोणी? रान करडे होते हीच तर तक्रार आहे. शिवाय वारा असला की पाने हलतात आणि तिन्ही चौकटी जुळत नाहीत.

पानगळ: पहाटे वारा नसतो.

घाटवाट: पहाटे कवडसेही नसतात.

ओली पायवाट: पोलरायझर (भिंगापुढे लावायचा, चकाकी कमी करणारा फिल्टर) वापरून पाहावा. ओल्या पानांवर पांढरट चकाकी येते, ती कमी होऊन खालचा हिरवा रंग उघडा पडतो. दीड-दोन स्टॉप प्रकाश मात्र जातो.

सोनकी: माझ्याकडे पोलरायझर नाही. जेपेगमध्येच राहून जमेल का, एवढेच सांगावे.

घाटवाट: जमेल, पण सावल्या आपोआप उजळणारी सुविधा आधी बंद करा. निकॉनमध्ये तिला ‘अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग’ म्हणतात, कॅननमध्ये ‘ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर’. ती चालू असेल, तर तुम्ही मुद्दाम काळे ठेवलेले रान कॅमेरा परस्पर उजळून ठेवील. हिस्टोग्राम (छायाचित्रातल्या उजेड-काळोखाचा आलेख) पाहताना तिन्ही रंगांचे वेगळे आलेख पाहावेत, कारण पिवळसर उन्हात एकत्रित आलेख ठीक दिसत असतानाही लाल रंगाचा आलेख उजेडाच्या टोकाला आपटलेला, म्हणजे मर्यादेपलीकडे गेलेला, असू शकतो आणि मग कवडशातला सोनेरी रंग जातो. आता कॅमेरा निकॉनचा की कॅननचा ते लिहा, म्हणजे ती सुविधा कोणत्या मेनूत सापडेल ते सांगतो.