शब्दचर्चा : हौशी, ईर्षेचा, निकाली – टीम फोर्ट्रेसच्या फलकावर काय लिहावं?

सीमेवरचा मेडिक (शहापूर, बेळगाव)

गणपती झाले की आमच्या गल्लीतली पोरं टीम फोर्ट्रेस 2 ची स्पर्धा घेणार आहेत. दोन गट ठरलेत, कॅज्युअल आणि कॉम्पिटिटिव्ह. फलक मराठीत आणि कन्नडमध्ये लागणार आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात. मराठीत या दोन गटांना काय म्हणायचं? 'प्रासंगिक' आणि 'स्पर्धात्मक' सुचवू नका. पहिला शब्द कुणाला कळायचा नाही आणि दुसरा वाचून पोरं वही-पेन घेऊन येतील.

खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. व्हॉल्व्ह कंपनीचा हा गोळीबाराचा खेळ 2007 चा, 2011 पासून फुकट. जुनाट कंप्युटरवर चालतो म्हणून आमच्याकडं अजून टिकलाय. दोन बाजू आणि नऊ तऱ्हांचे गडी : कोण रॉकेट मारतो, कोण आगीचा फवारा सोडतो, कोण वेषांतर करून पाठीत सुरा घालतो, आणि मेडिक सगळ्यांना बरं करत पळतो. कॅज्युअलमध्ये बारा विरुद्ध बारा. कधीही या, कधीही जा. लीगवाले, म्हणजे पक्के संघ करून स्पर्धेचे सामने खेळणारे, मुख्यतः सहा विरुद्ध सहा खेळतात. या दोन जमातींचं एकमेकांशी जमत नाही. लीगवाले म्हणतात, त्यांना खेळ कळत नाही. कॅज्युअलवाले म्हणतात, यांना खेळताच येत नाही, हे नोकरी करतात.

माझ्या डोक्यात आलंय ते 'हौशी गट' आणि 'ईर्षेचा गट'. चालेल का?

निपाणीकरीण

'हौशी' चालणार नाही. निदान तुम्ही म्हणताय त्या अर्थानं तरी नाही.

मराठीत हौशीच्या समोर 'व्यावसायिक' असतो. हौशी रंगभूमी, व्यावसायिक रंगभूमी. महाराष्ट्रात दरवर्षी होते ती 'हौशी मराठी नाट्य स्पर्धा'. नाव नीट वाचा, हौशी आणि स्पर्धा शेजारी शेजारी बसलेत आणि कुणाला खटकत नाही. त्या स्पर्धेसाठी लोक नोकरी सांभाळून महिनोन्‌महिने तालमी करतात, पदरचे पैसे घालतात आणि निकालावरून भांडतात. त्यांना 'कॅज्युअल' म्हणून बघा, नेपथ्याची फळी डोक्यात घालतील.

आता माझं न आवडणारं मत. टीम फोर्ट्रेसमध्ये खरे हौशी कोण असतील तर ते लीगवालेच. या खेळाच्या स्पर्धांत पोट भरेल असा पैसा कधीच नव्हता. अमेरिकेतले संघ इंग्लंडच्या इन्सोम्निया या गेमिंग मेळाव्याला गेले तेही चाहत्यांनी काढलेल्या वर्गणीतून. वर्गणी! याहून हौशी काय असतं? त्यामुळं सहा-सहाचा खेळाडू 'आम्ही प्रोफेशनल' असा चेहरा करून कॅज्युअलमध्ये आला की मला हसू येतं. बाबा रे, तूही हौसेनंच आलायस, फक्त तुझी हौस जास्त महाग आहे.

चिकोडीचे गुरुजी

निपाणीच्या ताईंचा मुद्दा बरोबर आहे. मी हा खेळ खेळत नाही, माझा मुलगा खेळतो. पण 'कॅज्युअल' हा शब्द आमच्या पिढीला रजेमुळे पाठ आहे. मराठीत जुने लोक 'किरकोळ रजा' म्हणत, पुढे 'नैमित्तिक' आले. इकडे शाळेच्या कन्नड अर्जावर 'सांदर्भिक रजे'. तिन्ही शब्दांची छटा वेगळी आहे. नैमित्तिक म्हणजे काही निमित्ताने, सांदर्भिक म्हणजे प्रसंग पडला म्हणून. किरकोळ म्हणजे मात्र दखल घेण्याजोगे नाही असे. लीगवाली मुले जेव्हा 'तो कॅज्युअल आहे' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हा तिसरा अर्थ असतो. वर्णन म्हणून घेतलेल्या शब्दाची अशी शिवी झाली आहे.

'ईर्षे'बद्दल एक सावधगिरी. आपल्याकडे 'ईर्षेने खेळला' ही शाबासकी आहे. कन्नड पुस्तकी भाषेत मात्र 'ईर्ष्ये' म्हणजे निव्वळ मत्सर, हिंदीतही तसेच. बोलीत त्याला 'होट्टेकिच्चू' म्हणतात, शब्दशः पोटातली आग. तुमच्या फलकावर 'ईर्षेचा गट' वाचून कन्नड मुलांना वाटेल की जळक्या लोकांसाठी वेगळी सोय केली आहे.

भांदुर गल्ली

एवढं कशाला ताणताय सगळे. आम्ही म्हणतो 'टाइमपासला खेळूलाय' नाहीतर 'रँक पुश करूलाय'. बीजीएमआय, व्हॅलोरंट असले दुसरे गेम खेळणाऱ्या पोरांना पण कळतंय. हौशी-बिशी चांगलं आहे खरं म्हणणार कोण?

सीमेवरचा मेडिक

भावा, 'रँक पुश' व्हॅलोरंटला ठीक आहे. तिथं आयर्नपासून रेडियंटपर्यंत शिडीच आहे आणि सगळे चढायलाच बसलेत. टीम फोर्ट्रेसची लीग शिडीवर चालत नाही, संघावर चालते. गुरुजी, ईर्षेचं डोक्यातच आलं नव्हतं, बरं झालं सांगितलंत.

निपाणीकरीण ताई, तुमचं पटलं, खरं थोडं पुढं ढकलतो. 'कॅज्युअल' हे नावच मुळात खेळाडूंनी दिलेलं नाही. आधी सगळे 'पब' म्हणायचे, पब्लिक सर्व्हरचं आखूड रूप. (इकडं 'पबला जातो' म्हटलं तर घरचे गोव्याची गाडी कितीला आहे ते विचारतील.) 2016 च्या जुलैत कंपनीनं 'मीट युअर मॅच' नावाचा बदल आणला, जुनं क्विकप्ले (बटण दाबलं की कुठल्यातरी चालू डावात घुसवणारं) काढलं आणि दोन दरवाजे केले. एकावर कॅज्युअल लिहिलं, दुसऱ्यावर कॉम्पिटिटिव्ह. आणि गंमत बघा, कॅज्युअलमध्ये सुरुवातीला डाव अर्धवट सोडला तर शिक्षा होती! बोंब झाली तेव्हा काढली. दुसऱ्या दारात सहा विरुद्ध सहा होतं, खरं कोणता गडी किती घ्यायचे याला मर्यादाच नाही. लीगमध्ये मेडिक एक, डेमोमन (बॉम्बवाला) एक हे ठरलेलं असतंय. त्यामुळं लीगवाले तिथं फारसे फिरकलेच नाहीत. दोन्ही पाट्या चुकीच्या दारावर लागल्या असं माझं मत आहे. कॅज्युअलवाल्यांना शिस्त नको होती तिथं शिस्त दिली, लीगवाल्यांना नियम हवे होते तिथं मोकळं रान.

आता माझी दोन मतं, शिव्या खायला तयार आहे.

एक म्हणजे रँडम क्रिट. अचानक तिप्पट मार देणारी गोळी सुटते ती. कॅज्युअलवाले म्हणतात की यामुळंच नवख्याला चान्स मिळतो, नाहीतर तुम्ही रोज आम्हाला चिरडाल. लीगमध्ये हे बंद असतं म्हणून लीगवाले रुक्ष. खरं हा मटका प्रामाणिक नाही. गेल्या 20 सेकंदांत तुम्ही जितकं नुकसान केलं असेल तितकी तुमची शक्यता वाढते, बंदूक-रॉकेटला साधारण 2 टक्क्यांपासून 12 टक्क्यांपर्यंत. म्हणजे जो आधीच पाच जणांना लोळवून आलाय त्यालाच परत मटका लागणार. गरिबाच्या नावानं काढलेली योजना आणि लाभ सावकाराला. हे नवख्यांना सांगितलं तर तेच माझ्यावर धावून येतात.

दुसरं मत लीगवाल्यांना झोंबेल. नऊ गडी असलेला खेळ तुम्ही मुख्यतः चारच गड्यांत खेळता : दोन स्काउट (चपळ पळणारे), दोन सोल्जर (रॉकेटवाले), एक डेमोमन, एक मेडिक. बाकीचे पाच कधीतरी, अडचणीला. चालतंय, वेगवान आहे, बघायला भारी आहे. खरं मग 'आम्हालाच पूर्ण खेळ कळतो' म्हणू नका. पूर्ण खेळ बघायचा तर हायलँडर बघा. नऊ विरुद्ध नऊ, प्रत्येक तऱ्हेचा एकेक. आमच्या गल्लीत तेच घ्यावं म्हणून मी भांडलो, अठरा कंप्युटर कुठून आणायचे म्हणून हरलो.

तालमीतला

खेळ मला माहीत नाही, पुतण्या बसतो खेळत. खरं शब्द शोधताय तर आनंदवाडीच्या आखाड्यात या. कुस्तीत हे सगळं आधीच आहे.

बारकी पोरं जत्रेत धरतात त्या रेवड्यांवरच्या कुस्त्या. कोण हरला कोण जिंकला याचा हिशोब कोण ठेवत नाही, रेवड्या दोघांना. मोठी जोड लागते ती निकाली. चितपट झाल्याशिवाय सुटत नाही. आणि रोज तालमीत आपसांत होतो तो जोर.

यात पैलवान कॅज्युअल आणि पैलवान कॉम्पिटिटिव्ह असं काय नाही. पैलवान तोच, कुस्ती वेगळी. वस्ताद सुद्धा सकाळी पोराबरोबर जोर करतो तेव्हा त्याला आपटत नाही, अंगावर घेऊन शिकवतो. तोच संध्याकाळी निकालीत उतरला तर दया नाही. जो रेवडीच्या कुस्तीत पोराला मुद्दाम आपटतो त्याला आम्ही मोठा पैलवान म्हणत नाही.

निपाणीकरीण

हे झकास! 'निकाली' हे कुस्तीचं विशेषण आहे, पैलवानाचं नाही. 'निकाली पैलवान' असं कुणी म्हणत नाही. मेडिकभाऊ, तुमचं अडलेलं इथंच सुटतं. गटाला नाव देऊ नका, डावाला द्या. 'हौशी डाव', 'निकाली डाव'. मग हौशीला माझी हरकत नाही, कारण डाव हौशी असू शकतो, माणसाला शिक्का बसत नाही.

फक्त 'जोर' बद्दल शंका. आमच्याकडं जोर म्हणजे जोर-बैठकांतला, जमिनीवर हात टेकून काढायचा. आपसांत धरतात तिला 'लढत' ऐकलंय.

तालमीतला

दोन्ही म्हणतात. जोर काढणं वेगळं, जोर करणं वेगळं.

सीमेवरचा मेडिक

काढणं आणि करणं! म्हणजे आमचं 'स्क्रिम' ते 'जोर करणं'. दोन संघ स्पर्धेआधी आपसांत खेळतात, निकाल कुठं नोंदत नाहीत, ते. उद्यापासून सुरू.

चिकोडीचे गुरुजी

'निकाली'ला कार्यालयीन मराठीचा वास आहे, 'तक्रार निकाली काढली' वगैरे. तिथे निकाली म्हणजे संपवून टाकलेली, कोण जिंकले याच्याशी संबंध नाही. शिवाय सीमाभागात हा शब्द वापरताना थोडे धाडस लागते. आपला मोठा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि निकाली काही निघत नाही.

तरीही माझे मत निकालीच्या बाजूने. जत्रेच्या जाहिरातीत तो शब्द सगळ्यांनी वाचलेला आहे.

भांदुर गल्ली

रेवडीच्या कुस्तीत पोराला आपटणारा, त्याला शब्द पाहिजे. कॅज्युअलमध्ये सहा-सहाचे मित्र एकाच बाजूला येऊन बसतात, व्हॉइसवर आपसांत बोलतात, आणि समोर शाळेतली पोरं. धुव्वा करतात आणि वर 'ईझी' लिहितात. अशांना इंग्रजीत ट्रायहार्ड म्हणतात.

निपाणीकरीण

ट्रायहार्ड नाही तो, उलटं आहे. ट्रायहार्ड म्हणजे इरेला पेटलेला, आणि इरेला पेटणं वाईट नाही. मी कॅज्युअलमध्येही इरेला पेटूनच खेळते. माझा वेळ गेलाय, मी जिंकायला बघणार. कॅज्युअलवाल्यांचं हे मला अजिबात पटत नाही की कुणी मन लावून खेळला की लगेच 'टाइमपास आहे गं, एवढं काय' म्हणायचं. हरायला लागले की टाइमपास, जिंकायला लागले की नाही. याला मराठीत सरळ शब्द आहे, रडीचा डाव.

आणि कॅज्युअलवाले म्हणे प्रेमळ. बारा जणांत मेडिक कुणी घेत नाही. मग मी घेते, तर चारी बाजूंनी बटण दाबून 'मेडिक! मेडिक!' ओरडणारे अकरा जण. एकाला बरं करायला गेले तर दुसरा शिव्या घालतो, तिसरा मला काढून टाकायला मतदान लावतो. बाईचा आवाज ऐकला की आणखी वेगळं सुरू होतं, ते इथं लिहीत नाही. मी माइक बंद ठेवते. लीगमध्ये मला असं झालं नाही, कारण तिथं मेडिक एकच असतो आणि तो मेला की डाव गेला हे सगळ्यांना माहीत असतं. माणसं चांगली होती असं नाही, नियमानं त्यांना माझी किंमत करायला लावली.

भांदुर गल्ली, तुमच्या त्या आपटणाऱ्याला 'खुनशी' म्हणा. पुरे आहे.

तालमीतला

खुनशी बरोबर. आखाड्यात पण हेच म्हणतात.

चिकोडीचे गुरुजी

जाता जाता एक. मेडिकभाऊंनी वर 'नऊ तऱ्हांचे गडी' लिहिले आहे. फलकाच्या कन्नड भागात मराठी 'गडी' तसाच उचलून टाकू नका. कन्नडमध्ये 'गडी' म्हणजे सरहद्द. 'नऊ गडी' म्हणजे नऊ सीमा होतील, आणि आपल्याला एकच झेपत नाही.

कन्नड ओळीसाठी 'आट' आणि 'पंद्य' वापरा. आट म्हणजे खेळ, पंद्य म्हणजे सामना. त्यांच्याकडे हा भेद सरळ दोन शब्दांत आहे.

सीमेवरचा मेडिक

ठरलं मग. मराठीत 'हौशी डाव' आणि 'निकाली डाव', कन्नडमध्ये आट आणि पंद्य. निकालीत मेडिक एक, डेमोमन एक, रँडम क्रिट बंद. हौशीत क्रिट चालू ठेवावी लागणार, मंडळाच्या बैठकीत माझ्या बाजूनं एकच हात वर झाला आणि तो माझाच होता.

भांदुर गल्ली

दोन्हीकडं नाव देता येतंय काय?

सीमेवरचा मेडिक

येतंय की. फक्त निकालीला येताना मेडिक कोण होणार ते घरातून ठरवून या. संघ सहाचा आणि सहाही जण स्काउट म्हणून नाव देऊलायत.