पोराला चंद्र आणि अंतराळवीर कसे समजावू? (वय ८, प्रश्न अखंड चालू)

ओटीवरची_आई, गुहागर
नमस्कार मंडळी, आमच्या चिरंजिवांना सध्या चंद्राने पछाडलंय. चांद्रयान ३ उतरलं त्याचा व्हिडिओ रोज जेवताना लागतो आणि मग प्रश्न सुरू, अंतराळवीर शुभांशू शुक्ला चंद्रावर गेलेला का, ते तरंगतात का, शू कुठे करतात, यान पोचायला एवढे दिवस का लागले. मी बीकॉम, नवरा आंब्याच्या कामात, तो म्हणतो यूट्यूब लावून दे. लावलं तर दहाव्या मिनिटाला एलियन येतात. मुंबईला नेहरू तारांगणात नेणारे पण ते दिवाळीत. तोवर घरच्या घरी काय करता येईल? तरंगण्याचं मी सांगितलं की वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून, बरोबर ना?

रिटायर्ड_मास्तर
ताई, तेवढं चुकलं. वाईट वाटून घेऊ नका, मीही सुरुवातीची काही वर्षं हेच शिकवलंय. शुभांशू राहिला ते स्पेस स्टेशन जमिनीपासून साधारण ४०० किमी वर, तिथे गुरुत्वाकर्षण इथल्या जवळपास ९० टक्के असतंच. पण स्टेशन ताशी २८,००० किमी वेगाने पृथ्वीभोवती सतत *पडत* असतं आणि आतली माणसंही त्याच्याबरोबर पडत असतात, म्हणून तरंगल्यासारखी दिसतात. प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाडा, पाणी भरा, झाकण लावू नका, धार लागली की पोराला म्हणावं माडीवरून खाली सोड. पडताना धार बंद होते. दहा वेळा करायला लावेल, खळं भिजलं तरी चालेल.

दुसरं, सोललेला नारळ म्हणजे पृथ्वी धरा आणि मोठी सुपारी म्हणजे चंद्र. आता ३० नारळ ओळीने मांडा, पलीकडच्या टोकाला सुपारी. चंद्र एवढा लांब आहे, ३,८४,००० किमी. आणि शुभांशू होता तिथे? नारळापासून जेमतेम ४ मिलिमीटर. पुस्तकातल्या चित्रात पृथ्वी-चंद्र शेजारी शेजारी काढतात तिथेच सगळा घोळ होतो.

मालवणी_खलाशी
मास्तरांनू, ३० नारळ मांडूक आता नारळाचो भाव बघितलात काय 😄 एकच घेवा आणि तोच ३० वेळा पुढे सरकवा.
ताई, चंद्र समजावूक किनाऱ्यार जावा. आमच्या आज्याक घड्याळ नाय होता, तिथी सांगितली की पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचो. चौथीक ३ वाजता, अष्टमीक ६ वाजता. अर्धो तास इकडे तिकडे. चंद्र रोज साधारण ५० मिनिटा उशिरा येता म्हणान भरतीपण उशिरा. पोराक आठ दिवस वहीत लिहूक लावा.

बंगळुरूत_अडकलेला_रत्नागिरीकर
खलाशीभाऊंचं एक नंबर, हे मला कॉलेजात कळलं.

चांद्रयानाला ४० दिवस लागले, १४ जुलै ते २३ ऑगस्ट २०२३, आणि अमेरिकेचं अपोलो ११ चार दिवसांत पोचलं होतं, कारण आपलं रॉकेट त्यामानाने लहान. ओटीवर झोपाळा असेलच ना? एका ढकलीत आढ्याला पाय लागत नाहीत, दरवेळी झोका परत आला की थोडं ढकलायचं. तसंच यान पृथ्वीजवळ आलं की इंजिन पेटवायचं, की पुढची फेरी अजून लांब जाते.

आणि २०१९ मध्ये चांद्रयान २ चा विक्रम लँडर चंद्रावर आदळला तेही सांगाच, टाळ्यांचा व्हिडिओ सगळेच दाखवतात.

राहणीमान तर पोरांचा आवडता विषय. ब्रेडचे कण हवेत तरंगून मशीनमध्ये जातात म्हणून वर पोळीसारखा टॉर्टिया खातात. शुभांशूने २०२५ मध्ये आमरस नेला होता (हापूस का ते विचारू नका, भांडण होईल), शिवाय मूग आणि मेथीला मोड आणायचा प्रयोग. तुम्हीही वाटीत मूग भिजवा. हाडं आणि स्नायू कमजोर होऊ नयेत म्हणून रोज साधारण दोन तास व्यायाम. शू हवेने ओढून घेणाऱ्या नळीत, आणि त्याचंच गाळून पुन्हा पिण्याचं पाणी करतात. हे जेवताना सांगू नका.

ओटीवरची_आई, गुहागर
जेवतानाच सांगितलं 🤦‍♀️

नारळ घरात २२ निघाले, ८ शेजारून आणले. सुपारी पार तुळशीपाशी गेली. शुभांशू कुठे म्हणून नारळाला तांदळाचा एक दाणा चिकटवला तर म्हणतो, "अगं हा तर अजून घरातच आहे!" आजोबाही खुर्ची घेऊन बसले. बाटली चौदा वेळा पडली, फुटली. आता भरतीची वही सुरू झालीये, आज पंचमी, पावणेचार निघालं, आम्ही किनाऱ्यावर चाललोय बघायला. शेजारच्या काकू विचारतायत नारळ परत कधी देणार.